मेन्सचा निबंध: विषय कसा वाचावा, कसा निवडावा (मराठवाड्यातून लिहिणाऱ्यांसाठी)

२०१६ च्या डिसेंबरमध्ये मी दुसऱ्यांदा यूपीएससीच्या मेन्सला बसलो होतो. निबंधाची प्रश्नपत्रिका हातात पडली आणि एका ओळीवर नजर खिळली: संघराज्यीय भारतातले राज्याराज्यांमधले पाणीतंटे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं. घरच्यांनी तो उन्हाळा टँकरची वाट बघत काढला होता. मी त्या भागातले बाकीचे तीन विषय धड वाचलेसुद्धा नाहीत. दीड तास नुसता लिहीत सुटलो. मांजरा धरणाचा कोरडा तळ, गोदावरीवरचं जायकवाडी धरण, वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून नगर-नाशिकशी होणारी ओढाताण, सगळं आलं.

बाहेर चहाच्या टपरीवर मित्रानं विचारलं, "कावेरी घेतलीस का? कलम २६२?" आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला. विषय राज्याराज्यांमधल्या तंट्यांचा होता, राज्यघटनेतलं कलम २६२ त्यांच्यासाठीच आहे. जायकवाडीचा वाद एकाच राज्याच्या दोन विभागांमधला. म्हणजे बारा पानं मी दुसऱ्याच विषयावर लिहून आलो होतो.

खरी गंमत पुढं आहे. विषयाला नेमकं लागू पडणारं उदाहरणही मराठवाड्यातच होतं. नांदेड जिल्ह्यातला गोदावरीवरचा बाभळी बंधारा. आंध्र प्रदेश न्यायालयात गेला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, आणि १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे असं ठरलं. पावसाळ्यात पाणी खाली जाऊ द्यायचं आणि नंतर उरेल ते अडवायचं. संघराज्यातला पाणीतंटा म्हणतात तो हाच. मला तो माहीत होता, पण आठवला नाही, कारण तो मला दुखत नव्हता.

आता मी रविवारी लातुरातल्या एका अभ्यासिकेत पोरांचे निबंध वाचतो. निवड माझी झाली नाही, तेव्हा 'यशाचं गमक' वगैरे सांगायचा मला अधिकार नाही. पण चुका कुठं होतात हे आता चांगलं कळतं, आणि सगळ्यात मोठी चूक माझीच आहे: जे दुखतं ते लिहायचं, जे लागू पडतं ते नाही. खाली जे लिहिलंय ते ही चूक टाळण्यासाठीच.

पेपर कसा असतो

हे झटपट. यूपीएससी मेन्सची सुरुवातच निबंधाच्या पेपरनं होते. २५० गुण, तीन तास. 'अ' आणि 'ब' असे दोन भाग, प्रत्येकात चार विषय. प्रत्येक भागातला एक निवडून हजार ते बाराशे शब्द लिहायचे, दोन्ही निबंधांना १२५-१२५ गुण. हा दोन निबंधांचा ढाचा २०१४ पासूनचा. गुणवत्तायादी २०२५ गुणांची असते, लेखी १७५० आणि मुलाखत २७५. त्यात एका निबंधाच्या पेपरचं वजन जीएसच्या (सामान्य अध्ययनाच्या) एका अख्ख्या पेपराएवढं. तरी जीएसला दोन वर्षं आणि निबंधाला शेवटचे पंधरा दिवस, हा हिशेब बहुतेक रूमवर चालतो.

एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आणि तिथंही निबंध २५० गुणांचा आहे. त्यामुळे खालचं बरंचसं दोन्हीकडं चालेल. मोठा फरक भाषेचा. राज्यसेवेचे विषय मराठीत वाचायला मिळतात. यूपीएससीची निबंधाची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, उत्तर मात्र तुम्ही मराठीत लिहिणार. हा फरक किती महागात पडतो ते पुढं सांगतो.

पायरी पहिली: जुने विषय हातानं उतरवा

छापील संच आणू नका, पीडीएफ सेव्ह करून ठेवू नका. दोनशे पानी वही घ्या, २०१४ पासूनचे सगळे विषय स्वतःच्या हातानं लिहा, प्रत्येकाखाली पाच-सहा ओळी मोकळ्या सोडा. वर्षाला आठ म्हणजे शंभराच्या आतबाहेर विषय होतात. दोन संध्याकाळींचं काम.

उतरवताना एक गोष्ट आपोआप लक्षात येते. आधीच्या वर्षांत विषय बरेचसे थेट होते. २०१४ मध्ये ऑलिम्पिकमधली पन्नास सुवर्णपदकं भारताला शक्य आहेत का, २०१६ मध्ये डिजिटल अर्थव्यवस्था, २०१७ मध्ये 'शेती ही बहुसंख्य शेतकऱ्यांचं पोट भरायला पुरेनाशी झाली आहे'. अलीकडं, विशेषतः २०२१-२२ पासून, अपवाद सोडले तर विषय सुविचारासारखे येतात. 'एकाच नदीत दोनदा पाय ठेवता येत नाही.' 'गढूळ पाणी तसंच सोडलं की निवळतं.' 'समाधान ही नैसर्गिक संपत्ती आहे, चैन ही कृत्रिम गरिबी.' वाक्य मूळ कुणाचं हे माहीत असलं तर उत्तम, नसलं तरी काही अडत नाही.

दुसरं म्हणजे, विषयांची घराणी दिसायला लागतात. क्लासवाले 'सामाजिक', 'आर्थिक', 'तात्त्विक' असे कप्पे करतात. मला ते फारसे उपयोगाचे वाटत नाहीत, कारण २०२२ चा छप्पर दुरुस्तीचा विषय (तो पुढं फोडून दाखवतो) सामाजिकही होतो, आर्थिकही होतो. वाक्य कसं बांधलंय त्यावरून घराणं ओळखावं.

एक घराणं रूपकाचं: जहाज, छप्पर, नदी, गढूळ पाणी. इथं रूपकातला प्रत्येक शब्द कशाच्या जागी उभा आहे ते ठरवावं लागतं. दुसरं जोडीचं: न्याय आणि दानधर्म, संस्कृती आणि सभ्यता, विशेषाधिकार आणि तत्त्वं. जोडीच्या विषयात दोन शब्दांवर दोन छोटे निबंध लिहून मोकळं होणारे फार. गुण असतात त्या दोघांमधल्या नात्याला. तिसरं ठाम दाव्याचं: 'चूक करण्याची किंमत काहीच न करण्याच्या किमतीपेक्षा कमी असते.' दावा आला की तो कुठं टिकत नाही हे शोधायचं. चौथं थेट प्रश्नाचं किंवा धोरणाचं. ते आता कमी झालंय, पण गेलेलं नाही.

पायरी दुसरी: दहा मिनिटांत निवड

पेपर मिळाल्यावर पहिली दहा मिनिटं पेनाचं टोपणसुद्धा काढू नका. आठही विषय वाचा. जो विषय बघून अंगावर काटा येतो, तो बाजूला ठेवा. नाकारा असं म्हणत नाही, पण शेवटी त्याच्याकडं या. माझा पाणीतंटा तसाच होता.

मग प्रत्येक भागातल्या दोन-दोन विषयांना एकच कसोटी लावा: याच्या विरोधात मला तीन प्रामाणिक वाक्यं लिहिता येतात का? २०२३ मध्ये आयोगानं हेच विषय म्हणून दिलं होतं, विचार हा खेळासारखा आहे, समोर दुसरा संघ असल्याशिवाय तो सुरू होत नाही. ज्या विषयात तुम्हाला समोरचा संघ दिसत नाही, तिथं चौथ्या पानावर तुम्ही तेच तेच दळायला लागता. "सर, तिसऱ्या पानापस्तोर जमतंय, पुढं काय लिवावं कळंना," असं दर रविवारी कुणीतरी म्हणतंच. अडचण तिसऱ्या पानावर नसते, निवडीच्या वेळीच झालेली असते.

दोन्ही भागांतून एकाच घराण्याचे विषय घेऊ नका. दोन्ही निबंधांत तीच उदाहरणं यायला लागतात, आणि दोन्ही निबंध एकाच उत्तरपत्रिकेत असतात.

पायरी तिसरी: विषय आधी मराठीत आणा

मराठी माध्यमवाल्यांची निम्मी पडझड इथं होते आणि यावर कुणी फार बोलत नाही. इंग्रजी ओळ वाचायची, ती नीट उमगली नाही की शेजारची हिंदी वाचायची, आणि हिंदी शब्द तसाच मराठीत उतरवायचा. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपल्याकडं ती छडी. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती, घटनादुरुस्तीतली, आपल्याकडं ते प्रयोगशाळेत चालतं. 'चेष्टा' तिकडं प्रयत्न, इकडं टिंगल. 'आपत्ति' तिकडं हरकत, इकडं संकट. चालू घडामोडी हिंदी चॅनलवर ऐकणाऱ्या पोरांच्या हातून हे शब्द इतके सहज उतरतात की त्यांना ते दिसतही नाहीत. एका वहीत मी वाचलं होतं, 'ग्रामीण भागात मुलींना शिक्षा मिळालीच पाहिजे.' तपासणाऱ्यानं ते हसून सोडलं तर नशीब.

म्हणून कच्च्या पानावर विषय स्वतःच्या मराठीत दोन प्रकारे लिहून बघा. एकदा शब्दाला धरून आणि एकदा आजीला सांगितल्यासारखा. 'जास्त न्याय असलेल्या समाजाला दानधर्माची गरज कमी पडते' हे झालं शब्दाला धरून. आजीसाठी: 'ज्या गावात वाटा नीट मिळतो, तिथं कुणाला हात पसरावा लागत नाही.' दुसरं वाक्य लिहिताना विषय खरा कळतो. पहिल्या परिच्छेदात कुठंतरी तेच डोकावलं तरी चालेल.

काही विषयांत इंग्रजी शब्दांचा खेळ असतो. २०१६ मध्ये विकासात स्त्रियांना स्थान नसेल तर विकासच धोक्यात येतो, अशा अर्थाचा एक विषय होता. मुळात तो यमकावर उभा होता. ते यमक मराठीत आणायची खटपट करू नका. अर्थ उचला आणि पुढं चला.

पायरी चौथी: विषय फोडा

हे तंत्र नुसतं सांगून समजत नाही, म्हणून एक विषय पूर्ण फोडून दाखवतो. २०२२ चा: छप्पर दुरुस्त करायची वेळ म्हणजे ऊन पडलेलं असतानाची.

पोरांच्या पहिल्या मसुद्यात हमखास येणारं वाक्य: 'याचा अर्थ वेळेवर काम करावे.' एवढाच अर्थ असता तर आयोगानं बाराशे शब्द मागितले नसते. शब्दाशब्दावर थांबा.

छप्पर म्हणजे काय? डोक्यावर आहे म्हणून ज्याची आठवण होत नाही ते. कुटुंबाची शिल्लक, प्राथमिक आरोग्य केंद्र, न्यायव्यवस्था, धरणाचे दरवाजे, दोन समाजांमधला विश्वास. यातली तीन-चारच निवडा. दुरुस्ती म्हणजे काय? नवं बांधणं नव्हे, आहे ते राखणं. राखण्याच्या कामाला फीत कापता येत नाही, म्हणून ते मागं पडतं. हा एक चांगला परिच्छेद झाला, आणि प्रशासनात जाऊ बघणाऱ्यानं तो लिहायलाच हवा.

आता ऊन. सगळे लिहितात ऊन म्हणजे सुकाळ. पण पत्र्याच्या किंवा माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात राहिलेल्याला आणखी एक गोष्ट माहीत असते. छपराचं भोक उन्हातच दिसतं, खाली कवडसा पडतो. म्हणजे ऊन दुरुस्तीची सवड देतं आणि भोक कुठंय हेही दाखवतं. मग 'माहीत नव्हतं' ही सबब उरत नाही. माणसं मात्र कवडशाकडं बघत बसतात. तो दिसतोही छान.

इथं समोरचा संघ मैदानात आणा. दुरुस्ती खरंच उन्हात होते का? इतिहास बघितला तर बरीच छपरं पावसातच दुरुस्त झालीत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीनं आकार घेतला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या देशव्यापी रोजगार हमी कायद्याला ती वाट मिळाली. आर्थिक सुधारणा १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटात आल्या. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, म्हणजे भूज आणि त्सुनामी होऊन गेल्यावरचा. तेव्हा विषयातलं वाक्य 'असं होतं' म्हणत नाही, 'असं व्हायला हवं' म्हणतं. हा फरक दाखवलात तर निबंध तिथंच वर उचलला जातो.

आणि मग किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. लातूर-धाराशिवची गावं गणपती विसर्जन करून झोपली होती. सुमारे दहा हजार माणसं गेली. हे बहुतेक जण लिहितात, आणि लिहिताना 'पूर्वतयारी नसल्यामुळे' असं म्हणून सोडून देतात. नीट बघा. ती घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचं माळवद असलेली. माळवद पावसाळ्याआधी राखायची रीत होती, उन्हाळ्यात वर माती टाकून ते चोपायचं. म्हणजे लोक छप्पर ऐन उन्हात, न चुकता दुरुस्त करत होते. पण थरावर थर चढून वजन वाढत गेलं, आणि त्या रात्री तेच वजन भिंतींसकट अंगावर आलं. पावसासाठी केलेली दुरुस्ती भूकंपाला भारी पडली. तेव्हा प्रश्न कधी दुरुस्त करायचं एवढाच नाही, कोणत्या धोक्यासाठी आणि कशी हाही आहे. जुन्या पद्धतीवर थर चढवत राहणं ही कधीकधी दुरुस्ती नसतेच.

हा मुद्दा दिल्लीच्या छापील नोट्समध्ये सापडत नाही. तो तुमच्याकडं आहे, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून तुम्ही तो ऐकलाय.

शेवटचा फाटा: छप्पर कुणाचं? ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर सहा महिने कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, असते. त्याच्यासाठी 'उन्हात दुरुस्त करा' हा सल्ला थट्टेसारखा आहे, कारण त्याच्याकडं ऊनही नाही, सवडही नाही. इथून कल्याणकारी राज्याकडं जाता येतं.

एवढं फोडायला वीस मिनिटं लागतात. ती द्या.

पायरी पाचवी: उदाहरणांची वही

विषयांच्या वहीशेजारी दुसरी वही. प्रत्येक पानावर एक उदाहरण, त्याखाली दोन रकाने: यानं काय सिद्ध होतं, काय सिद्ध होत नाही. दुसरा रकाना माझ्या २०१६ च्या अनुभवातून आलाय. माझ्या वहीतली काही पानं:

लातूरची पाण्याची रेल्वे, २०१६. तातडीची मदत काय करू शकते हे दिसतं. न्याय सिद्ध होत नाही. न्यायासाठी शेजारच्या पानावर २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा. खोऱ्यातल्या धरणांमध्ये टंचाई समान वाटून घ्यायची हे तत्त्व त्यात आहे आणि त्याच आधारावर जायकवाडीसाठी वरून पाणी सोडलं जातं. रेल्वे म्हणजे दानधर्म, वाटणीचं तत्त्व म्हणजे न्याय. २०२३ चा न्याय-दानधर्माचा विषय या दोन पानांवर अर्धा उभा राहतो.

मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली. 'चूक करण्याची किंमत काहीच न करण्याच्या किमतीपेक्षा कमी' या २०२४ च्या विषयाला समोरचा संघ. निर्णय घेणारा एक आणि किंमत मोजणारे हजारो असले की ते वाक्य डळमळतं.

मलिक अंबर. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला, निजामशाहीचा वजीर झालेला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि नहरीनं शहरात पाणी खेळवलं. सत्ता, गुणवत्ता, जन्म, पाणी, बहुविध संस्कृती, कितीतरी विषयांना चालतं. फक्त त्याला 'आधुनिक समतेचा प्रणेता' करू नका.

वेरूळचं कैलास. वरून खाली कोरत आणलेलं, म्हणजे कळस आधी, पाया शेवटी. दूरदृष्टी, पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. याचा वापर मात्र इतका होतो की मी हल्ली बघून सोडून देतो. तुम्हाला खरंच नवं काही दिसलं तरच घ्या.

गंगाखेडच्या जनाबाई. दळणकांडणातून अभंग. २०२३ मध्ये 'रोजच्या साध्या गोष्टींत जादू शोधण्याच्या धडपडीतून सर्जनशीलतेला प्रेरणा मिळते' असा विषय आला, तेव्हा मला पहिल्यांदा जातंच आठवलं. एका मुलीनं त्यावर फार सुंदर लिहिलं आणि शेवटी विचारलं की जादू शोधायची सक्ती बाईवरच का, दळण दुसऱ्यानं दळलं असतं तर जनाबाईंनी आणखी काय लिहिलं असतं? त्या प्रश्नाला मी पैकीच्या पैकी दिले.

डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेलं छत्रपती संभाजीनगरचं मिलिंद महाविद्यालय. शिक्षणाच्या कुठल्याही विषयाला, पण 'शिक्षणानं सगळं बदलतं' या भोळ्या वाक्याला नाही. कारण त्याच शहरातल्या विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत काय झालं ते ज्या पिढीनं बघितलंय, तिला शिक्षण आणि समता यांच्यातलं अंतर वेगळं शिकवावं लागत नाही.

दुष्काळाबद्दल एक कानमंत्र. निबंधात दुष्काळ एकदाच यावा, तोही पुरावा म्हणून. आमच्या पोरांचा निबंध सुखाबद्दल असो, गणिताबद्दल असो, दुसऱ्या पानावर भेगाळलेली जमीन येतेच. तपासणाऱ्याला तुमची कणव येऊन उपयोग नाही. आणि मराठवाडा म्हणजे फक्त कोरड असंही आता म्हणता येत नाही, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये इथंच शिवारं पाण्याखाली होती. सगळी उदाहरणं इथलीच देऊ नका, हेही सांगून ठेवतो. तीनातलं एक घरचं, दोन बाहेरची, एखादं परदेशातलं. जिल्ह्याच्या बाहेर नजर जाते की नाही, हे आयोगाला बघायचंच असतं.

पायरी सहावी: लिहिणं

एका निबंधाला नव्वद मिनिटं. निवड आणि फोडणं धरून पंचवीस-तीस, लिहायला पंचावन्न, वाचायला पाच. पहिल्या निबंधाला दोन तास आणि दुसऱ्याला एक, असं केलंत तर दुसऱ्याचे १२५ गुण हातचे जातात.

सुरुवात कोशातल्या व्याख्येनं नको. 'रामू नावाचा एक गरीब शेतकरी होता' अशी तर अजिबात नको. हा रामू दर रविवारी माझ्यापुढं चार-पाच वेळा आत्महत्या करतो. खरी घटना घ्या, तिच्यात खरा तपशील असू द्या आणि सहा-सात ओळींत विषयाला भिडा.

बुलेट, चौकटी, ठळक उपशीर्षकं ही जीएसची सवय. निबंधात परिच्छेदानं परिच्छेदाला हात द्यावा लागतो. तपासायची सोपी रीत: लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीनं एक वाक्य लिहा, तो काय म्हणतोय ते. मग फक्त समासातली वाक्यं वाचा. त्यांचा क्रम बदलला तरी फरक पडत नसेल, तर तो निबंध नाही, मुद्द्यांचा ढीग आहे.

भाषा प्रमाण मराठीच, 'केलं-झालं' नको, 'केले-झाले'. बोलीतला एखादा शब्द, म्हण, शेतीतली संज्ञा अवश्य येऊ द्या, पण अर्थ वाक्यातूनच कळेल अशी. तपासणारे कोकणातले असू शकतात, त्यांना 'माळवद' माहीत असेलच असं नाही. 'च्या माध्यमातून', 'च्या अनुषंगाने', 'या पार्श्वभूमीवर' यांची संख्या मोजा. पानावर एकापेक्षा जास्त असतील तर तुम्ही निबंध नव्हे, परिपत्रक लिहिताय.

सरावासाठी काही विषय

हे माझे मीच केलेत, कुठल्या पेपरात आलेले नाहीत.

विहीर खोल गेली म्हणून पाणी वाढत नाही.
सावलीला बसणाऱ्यानं झाड लावलेलं नसतं.
माणूस गाव सोडतो, गाव माणसाला सोडत नाही.
शांतता म्हणजे भांडण नसणं, की न्यायाची खात्री असणं?
मोजता येतं तेवढंच सुधारतं.
पाटी एका दिवसात बदलते, नजर बदलायला पिढी लागते.
ज्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे, तो अजून पुरता विचारलेला नाही.
यंत्राला चूक माफ नसते, माणसाला असावी का?

पहिल्या विषयावर सगळे भूजलावर लिहितात. बोअरवेल सहाशे फुटांवर गेली वगैरे. ते एक पान पुरे. विहीर म्हणजे प्रयत्न, पाणी म्हणजे फळ, असं धरून बघा. मग कोचिंगवर वाढलेला खर्च आणि न वाढलेल्या जागा, वाढलेले कायदे आणि न वाढलेला न्याय, असे फाटे फुटतात. समोरचा संघही आहे: मग खोदणं थांबवायचं का? पाचवा विषय अवघड आहे, तो तिसऱ्या महिन्यात घ्या.

आठवड्याला एक पूर्ण पेपर पुरतो. रविवारी सकाळी नऊ ते बारा, दोन निबंध, फोन दुसऱ्या खोलीत, कागद-पेनानंच. टाइप केलेला सराव मी मानत नाही, नवव्या पानावर बोटं दुखतात तेव्हा वाक्यं कशी आखडतात ते कीबोर्डवर कळत नाही. तपासायला दोघं हवेत. एक परीक्षेतला, दुसरा परीक्षेशी काही संबंध नसलेला: गावातले निवृत्त गुरुजी, बँकेतली ताई, वर्तमानपत्र रोज वाचणारे काका. त्यांना एकच विचारा, कुठल्या पानावर कंटाळा आला? खूण नेमकी तिथंच करून घ्या. त्यासाठी पुण्याला पेठेत रूम घेऊन राहायची गरज नाही. बाकी पेपरांसाठी असेलही, निबंधासाठी नाही.

परीक्षेच्या दिवशी शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. त्यात नवं वाक्य घालायचं नाही. विषयाचा क्रमांक बरोबर टाकलाय का, एक 'अ' मधला आणि एक 'ब' मधलाच आहे ना, हिंदी 'शिक्षा' कुठं शिरलीय का, एवढं बघायचं. विषयाची ओळ पुन्हा एकदा सावकाश वाचायची, 'राज्याराज्यांमधले' असले शब्द बोट ठेवून. आणि उत्तरपत्रिकेत कोरी राहिलेली पानं तिरपी रेघ मारून खोडायची, सूचनांमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं असतं.